साखरेची वाळू आणि माठातले पाणी

घरातील वडीलधाऱ्यांसाठी आपण पाणी उकळून, गाळून, झाकून ठेवता, हे योग्यच. उकळल्याने जंतू मरतात. विरघळलेले फ्लोराइड किंवा आर्सेनिक मात्र पाण्यातच राहते. गुडघे, पाठ ताठरली की आपण वयाला दोष देतो. यवतमाळ, चंद्रपूरकडील काही गावांत ते विंधनविहिरीतील फ्लोराइडचेही काम असू शकते.

अशा प्रदूषकांवरील उपाय म्हणून हल्ली ग्राफीनचे नाव कानी येते. ग्राफीन म्हणजे पेन्सिलीतील ग्रॅफाइटचा एका अणूइतका पातळ पापुद्रा. त्याच्या एका ग्रॅमचा पृष्ठभाग हिशेबाने सुमारे २६०० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ २६ गुंठे भरतो! प्रदूषक चिकटतात ते या विस्तारावर. मद्रास आयआयटीतील प्रा. टी. प्रदीप व सहकाऱ्यांनी २०१२ साली साखरेचा लेप दिलेली वाळू तापवून तिच्यावर ग्राफीनसदृश थर चढवला. (मधुमेहींनी चिंता करू नये, साखरेचा कार्बन तेवढा उरतो.) त्या वाळूने पाण्यातील रंग आणि क्लोरपायरिफॉस हे कीटकनाशक शोषून घेतले.

परंतु कीटकनाशक शोषणारा पदार्थ फ्लोराइडही शोषेलच, असे नव्हे. शिवाय पृष्ठभाग भरला की शोषण थांबते. म्हणून ‘ग्राफीन’ असे छापलेले यंत्र घेण्यापूर्वी विक्रेत्यास विचारा: कोणते प्रदूषक, किती लिटरपर्यंत, आणि तपासणीचा अहवाल कुठे आहे? ग्राफीनचे कण पाण्यात उतरत नाहीत ना, हेही विचारा. त्याआधी भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेतून आपल्या पाण्याची रासायनिक तपासणी करून घ्या. फ्लोराइड लिटरमागे १.५ मिलिग्रॅमहून अधिक निघाल्यास ते पाणी पिण्यास वा स्वयंपाकास वापरू नका, आणि तो अहवाल डॉक्टरांनाही दाखवा.