माल विकला, जबाबदारी संपली काय?

गणेशचतुर्थीच्या दिवसांत मालवणच्या घरांतील शेगडीला उसंत नसते. मुंबईहून चाकरमानी आलेले असतात आणि प्रेशर कुकर सकाळपासून चढलेला असतो. समजा, अशाच एका सकाळी कुकरचे झाकण उडाले आणि गृहिणी भाजली. कुकर बाजारपेठेतील भांड्यांच्या दुकानातून घेतलेला; त्यावर कारखान्याचे नाव नाही, पावती साध्या चिठ्ठीवर. ‘माल मी बनविला नाही, केवळ विकला’, हे दुकानदाराचे उत्तर कायद्यापुढे टिकेल काय?

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून अमलात आला. त्याच्या सहाव्या प्रकरणात सदोष उत्पादनामुळे झालेल्या हानीची जबाबदारी निश्चित केली आहे. निर्मितीतील वा रचनेतील दोष, अपुऱ्या सूचना यांबद्दल उत्पादक उत्तरदायी असतो. विक्रेत्यासाठी मात्र कलम ८६ स्वतंत्र आहे आणि व्यापारी कुटुंबांनी ते नीट समजून घेणे अगत्याचे आहे. उत्पादक कोण हे कळत नसेल, किंवा त्याच्यावर नोटीस बजावता येत नसेल, तर विक्रेता उत्तरदायी ठरतो. त्याने वस्तूत बदल केला व तो बदलच हानीचे मुख्य कारण ठरला, स्वतःच्या शब्दावर वेगळी हमी दिली व ती खरी ठरली नाही, वस्तू जोडताना वा तपासताना योग्य काळजी घेतली नाही, किंवा उत्पादकाने दिलेल्या धोक्याच्या सूचना गिऱ्हाइकापर्यंत पोहोचविल्या नाहीत, तरीही हानीचा भार त्याच्यावर येऊ शकतो. वरील उदाहरणातील निनावी कुकर म्हणूनच दुकानदाराच्याच अंगावर येतो.

हा भार किती गंभीर आहे, हे कुकरच्या रचनेवरून कळते. आतील तापमान सुमारे १२० अंश सेल्सिअसपर्यंत जाते. शिटीची नळी डाळीच्या फेसाने चोंदली, तर दाब वाढत जातो. त्या वेळी सेफ्टी व्हॉल्व्हमधील लवकर वितळणारा धातू वितळतो आणि वाफेला वाट मिळते. दुरुस्तीच्या वेळी भलताच व्हॉल्व्ह बसविला, तर ही शेवटची वाटही बंद होते. दहा-वीस रुपयांची बचत अशा वेळी कोणाच्या तरी चेहऱ्यावर फुटते.

घरगुती प्रेशर कुकरसाठी आयएस २३४७ हे मानक १ फेब्रुवारी २०२१ पासून सक्तीचे झाले. ते न पाळणारे २,२६५ कुकर अॅमेझॉनच्या मंचावरून विकले गेल्याबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑगस्ट २०२२ मध्ये त्या कंपनीला १ लाख रुपये दंड केला. सर्व ग्राहकांना कळविण्याचे, कुकर परत घेण्याचे व पैसे परत करण्याचेही आदेश दिले. त्याच महिन्यात ५९८ कुकरांसाठी फ्लिपकार्टवरही तशीच कारवाई झाली. प्रत्येक विक्रीतून कमाई करणाऱ्याला दोषाच्या वेळी अंग काढून घेता येणार नाही, हा त्यामागील विचार होता. मोठ्या मंचाला लागू पडणारा हा न्याय लहान पेढीलाही विचार करावयास लावणारा आहे.

भाजलेल्या व्यक्तीच्या कुटुंबाने कुकर, झाकण, व्हॉल्व्ह व गॅस्केट न धुता तसेच जपून ठेवावेत. आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे तपासणीस पाठवू शकतो. छायाचित्रे, पावती व रुग्णालयाचे कागद सांभाळावेत. तक्रार दोन वर्षांच्या आत करावयाची असते. ती तक्रारदाराच्या राहत्या जिल्ह्यातही करता येते. म्हणजे मालवणच्या कुटुंबाला सिंधुदुर्गनगरीच्या पलीकडे जावे लागत नाही. वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असल्यास तक्रारीला शुल्क नाही. केवळ स्वतःच्या उदरनिर्वाहासाठी खाणावळ चालविणारी महिलाही ‘ग्राहक’ ठरू शकते.

प्रामाणिक विक्रेत्यालाही कायद्याचा आधार आहे. हानीच्या वेळी वस्तूचा गैरवापर झाला असेल, वा घेणाऱ्याने तीत फेरफार केला असेल, तर कलम ८७ नुसार विक्रेत्याविरुद्ध दावा चालत नाही. पण ते सिद्ध करताना कागद लागतो. घाऊक व्यापाऱ्याचे पक्के बिल, आयएसआय चिन्हाखालील परवाना क्रमांकाची नोंद, गिऱ्हाइकाच्या पावतीवर उत्पादकाचे नाव आणि सोबत दिलेले सूचनापत्रक, एवढे जपले तरी पुष्कळ झाले.

तत्त्वार्थसूत्रात अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत ‘विरुद्धराज्यातिक्रम’ आणि ‘प्रतिरूपकव्यवहार’ गणले आहेत. पहिल्याचा रोख राज्याचे नियम डावलण्याकडे, तर दुसऱ्याचा अस्सलाच्या जागी नक्कल खपविण्याकडे आहे. श्रावकाच्या दुकानात नकली व्हॉल्व्ह मागणारे गिऱ्हाईक आले, तर त्याला अस्सल भाग दाखवावा. तो नसेल तर रिकाम्या हाताने परत पाठवावे. त्या दिवशीचा गल्ला थोडा कमी भरेल, परंतु एका घरातील स्वयंपाक निर्धास्तपणे शिजेल.