खर्जाचे ओझे

आमचे चिरंजीव बेस वाजवतात, असे मी स्टाफरूममध्ये प्रथम सांगितले तेव्हा साताऱ्याकडचे एक सहकारी म्हणाले, "बेस वाजवतो ना? मग झालं तर! वाईट वाजवण्यापेक्षा बरं." त्यांच्याकडे 'बेस' म्हणजे छान. भाषेच्या मास्तराला असली गंमत आवडते, म्हणून मीही हसलो. पुढे दोन वर्षे या बेसने मला काय काय शिकवले ते सांगितले तर आमचे सहकारी पुन्हा हसतील, पण सांगतो.

दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत चिरंजिवांनी आजीने दिलेल्या ओवाळणीत स्वतःची शिल्लक घातली आणि एका मित्राची जुनी बेस गिटार विकत आणली. चार जाड तारा, लांबलचक मान आणि पोट भरीव लाकडाचे. ती ते तासन् तास छेडत बसत आणि शेजारच्या खोलीत मला काही म्हणजे काही ऐकू येत नसे. वाद्य वाजवतो आणि आवाज होत नाही, याहून गुणी मुलगा कोणता? मी सौभाग्यवतींना तसे बोलूनही दाखवले. त्या म्हणाल्या, "अहो, त्याला यंत्र लागतं. ते अजून यायचंय."

ते यंत्र म्हणजे अँप. त्याला ध्वनिवर्धक म्हणावे असे मी सुचवून पाहिले, पण घरात कोणी दाद दिली नाही. खरेदीला मी जातीने गेलो. दुकानात दहा वॅटचा एक सुबक डबा स्वस्तात मिळत होता. दुकानदाराने सांगितले की हा साध्या गिटारचा आहे, बेसचा नव्हे. मला वाटले, गिटार ती गिटार! आमच्या घराण्याचा वॅटशी संबंध दिव्यापुरता. दहा वॅटचा दिवा खोलीभर उजेड देतो, तर दहा वॅटचा आवाज खोलीला पुरणार नाही काय?

घरी येऊन चिरंजिवांनी सर्वांत जाड तार छेडली आणि त्या डब्यातून सर्दी झालेल्या माणसाने घोरावे तसा आवाज निघाला.

याचे कारण मला पुष्कळ पुढे कळले. साध्या गिटारच्या जाड तारेची कंपने सेकंदाला ८२ होतात, बेसच्या जाड तारेची ४१. म्हणजे खर्जाचाही खर्ज. आणि खर्ज ही फार महाग वस्तू आहे. स्वर एक सप्तक खाली गेला की तेवढाच जोर कायम राखायला स्पीकरच्या पडद्याला चौपट पुढेमागे हलावे लागते. सहा इंची पडदा बिचारा हलून हलून किती हलणार? तो फडफडतो, आणि आवाज चढवला तर फाटतोही. आपल्याकडे तबल्याच्या मानाने डग्गा केवढा असतो, पखवाजाच्या धुमेला कणीक का थापतात, हे ज्याने पाहिले आहे त्याला हे दुकानातच सुचायला हवे होते. मला सुचले नाही. फार हळू वाजवायचे असेल तर गिटारच्या अँपवरही बेस चालून जातो. पण चालून जाणे आणि वाजणे यांत फरक आहे.

उन्हाळ्याच्या सुट्टीत दुसरी खरेदी झाली. या वेळी खास बेसचा, चाळीस वॅटचा, दहा इंची स्पीकरचा. वजन आठ किलोच्या आसपास. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही, त्यामुळे तिसऱ्या मजल्यापर्यंत मीच तो चढवला. खोलीच्या कोपऱ्यात जमिनीवर ठेवून तार छेडली. काय आवाज होता महाराज! देव्हाऱ्यातली घंटा आपोआप किणकिणली. मी अभिमानाने चिरंजिवांकडे पाहिले आणि तेवढ्यात दारावर टकटक झाली.

खालच्या मजल्यावरचे काका होते. काकूंचे गुडघ्याचे शस्त्रक्रियेचे दुखणे नुकतेच घरी आले होते. काका रागावले नाहीत, हीच पंचाईत. ते म्हणाले, "संगीत ऐकू येत नाही हो. ते ऐकू आलं असतं तर चाललं असतं. नुसतं पलंगात काहीतरी धडधडतं."

अगदी बरोबर वर्णन होते. त्या ४१ कंपनांच्या स्वराची एक लाट सुमारे २७ फूट लांब असते. तिला आमचे पडदे, गाद्या, पुस्तकांची कपाटे म्हणजे काहीच नव्हे. वरचे स्वर भिंतीत अडकून राहतात आणि खर्ज तेवढा स्लॅबमधून खाली उतरतो. विसर्जनाच्या मिरवणुकीत ताशा दिसेनासा झाल्यावरही ढोल खिडकीच्या काचांत वाजत राहतो ना, तसे. बारा फुटांच्या खोलीत तर त्याचा आणखी एक चमत्कार: दाराशी उभे राहिले की तोच स्वर घुमतो आणि पलंगावर बसले की निम्मा होतो. कोपऱ्यात ठेवलेला अँप सर्वांत अधिक घुमतो, म्हणजे आम्ही नेमकी जागाही शोधून काढली होती.

मग उपाय सुरू झाले. अँप कोपऱ्यातून काढला आणि जाड फोमचा तुकडा घालून स्टुलावर ठेवला. धडधड कमी झाली, गेली नाही. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबल, हा २००० सालचा नियम मी चिरंजिवांना वाचून दाखवला. त्यांनी मुकाट्याने हेडफोन आणला. अँपला त्यासाठी भोक असतेच. तार आत गेली की स्पीकर गप्प. घरच्या सरावाचा अँप घेणाऱ्याने वॅट पाहण्याआधी हे भोक पाहावे, आणि फोनवरचे गाणे आत सोडायचे दुसरे भोकही. इतकेच हवे असेल तर काड्यापेटीएवढे एक यंत्र मिळते, ते गिटारलाच लावायचे आणि त्याला हेडफोन जोडायचा. चाळीस वॅटचे ओझे जिन्यावरून चढवल्यावर ही माहिती मिळाली.

त्यानंतर सात-आठ महिने आमच्या घरात शांतता नांदली. मुलगा रोज दोन तास वाजवी. मी पेपर तपासताना मान वर करून पाही, तर तो डोळे मिटून डोलतो आहे. काय वाजवतो, चांगले की वाईट, देव जाणे. मी कधी म्हणालो नाही की बाबा रे, तो हेडफोन जरा मला दे.

गेल्या जानेवारीत त्यांच्या कॉलेजचे स्नेहसंमेलन होते. चौघांचा वाद्यवृंद. आठ दिवस आधी चिरंजीव म्हणाले, "बाबा, स्टेजसाठी मोठा अँप भाड्यानं घ्यायचा का? दोन हजार म्हणतायत."

मी म्हणालो, "घरात चाळीस वॅटला खालून तक्रार येते, आणि तिथे तो कमी पडेल?"

तर्क बिनतोड होता. चिरंजीव काही बोलले नाहीत. ते माझ्याशी वाद घालत नाहीत, याचा मला तोवर आनंद वाटत असे.

उघडे मैदान, मागे भिंत नाही, वर छप्पर नाही, शेजारी ढणाढणा ड्रम बडवणारा मित्र. पहिल्या गाण्यात मला तिघे ऐकू आले. दुसऱ्या गाण्यात चिरंजिवांनी सगळी बटणे शेवटपर्यंत फिरवली, तेव्हा मघाचा घोरणारा माणूस परत आला. पुढच्या रांगेतून कोणीतरी ओरडले, "अरे, तो चौथा काय करतोय?" हशा पिकला. तो हशा स्टेजवर पोहोचलेला मी पाहिला.

घरी आल्यावर गिटार कपाटावर गेली. तीन आठवडे खाली आली नाही. "अभ्यास आहे," एवढेच उत्तर. सौभाग्यवतींनी मला काही म्हटले नाही, पण दोन हजार रुपये हा आकडा त्या दिवसांत घरात वेगवेगळ्या निमित्ताने पुष्कळदा निघाला.

मार्ग त्यांनीच काढला. त्यांच्या बँकेतून निवृत्त झालेल्या एका बाईंचे यजमान मूळचे गोव्याचे. तरुणपणी मुंबईत हॉटेलांतून आणि सिनेमाच्या ध्वनिमुद्रणांत बेस वाजवलेले. आता कॅम्पात राहतात. चिरंजीव येईनात, म्हणून मी "मला सोबत चल" असे सांगून नेले.

म्हाताऱ्याने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "बेसचं बटण कुठं ठेवलं होतं?"

"पूर्ण," चिरंजीव म्हणाले.

"घरीपण तसंच?"

"हो. हळू वाजवताना जाड तार ऐकूच येत नाही."

"मग चूक तुझी पण आहे," ते म्हणाले. मला फार बरे वाटले. मग आपल्याला बरे वाटले याची लाज वाटली.

त्यांनी समजावले ते असे. हळू आवाजात माणसाच्या कानाला खर्ज कमी ऐकू येतो. फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी हे १९३३ मध्येच मोजून ठेवले आहे. म्हणून घरी आपण खर्जाचे बटण वाढवतो. तीच मांडणी मोठ्या आवाजात नेली की नुसता गडगडाट होतो, स्वर कळत नाही आणि अँपची सगळी ताकद त्या गडगडाटातच संपते. स्टेजवर खालचे बटण मध्यावर आणायचे आणि मधल्या स्वरांचे थोडे चढवायचे. लोकांना बेस ऐकू येतो तो त्या मधल्या स्वरांमुळे. खालचा खर्ज पोटात कळतो.

मी वॅटचा प्रश्न काढला. ते हसले. "प्रोफेसर, चाळीसचे ऐंशी केले तर कान म्हणतो, जरासं वाढलं. दुप्पट वाटायला चारशे पाहिजेत." म्हणजे दीडशे आणि दोनशे वॅटमध्ये जिवाचा आटापिटा करण्यात अर्थ नाही; त्यापेक्षा स्पीकर किती आणि केवढे ते पाहावे. ड्रमबरोबर वाजवायचे तर दोन-तीनशे वॅट आणि दहा इंची दोन किंवा पंधरा इंची एक स्पीकर, हा त्यांचा हिशेब. पेटी आणि अँप वेगवेगळे असतील तर आणखी एक गोष्ट: आठ ओहमच्या दोन पेट्या एकत्र जोडल्या की चार ओहम होतात, आणि अँपवर लिहिलेल्या आकड्याखाली जायचे नाही; गेलात तर अँप जळतो.

मग ते जुन्या गोष्टींत शिरले. अमेरिकेत लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये आपली पहिली बेस गिटार बाजारात आणली आणि पुढच्याच वर्षी तिच्यासाठी बेसमन नावाचा अँप काढला. पुढे गंमत अशी झाली की बेससाठी केलेला तो अँप साध्या गिटारवाल्यांनीच पळवला. लंडनच्या जिम मार्शल यांनीही १९६२ च्या सुमारास आपला पहिला अँप त्याच्याच नमुन्यावर बेतला. मी गिटारचा अँप बेसला लावला होता, जगाने बेसचा गिटारला लावला. फरक इतकाच की जगाला तो शोभला. पुढे १९६९ मध्ये अँपेग कंपनीचा एसव्हीटी आला: काचेच्या व्हॉल्व्हचा, तीनशे वॅटचा. त्याच्या आठ स्पीकरांच्या पेटीचे वजन साठ किलोंहून अधिक. "दोन माणसं उचलायला, तिसरा टॅक्सीवाल्याशी भांडायला," म्हातारा म्हणाला. आता नव्या पद्धतीचे, क्लास-डी म्हणतात तसले अँप निघाले आहेत. पाचशे वॅट आणि वजन तीन किलोंच्या आत. पिशवीतून नेता येतात. पेटी मात्र अजूनही पेटीच असते, कारण हवा ढकलायला जागा लागतेच.

"घेऊन टाकू का एखादा?" मी विचारले. पापक्षालनाची इच्छा होती.

ते म्हणाले, "वर्षातून चारदा वाजवणार, त्याला कशाला? भाड्यानं घे. आणि नाही मिळाला तर हा छोटाच ने, पण डीआय लाव." डीआय म्हणजे एक लहानशी डबी. गिटारची तार तिच्यात, आणि तिच्यातून सरळ सभागृहाच्या मोठ्या कर्ण्यांकडे. अँप मग फक्त वाजवणाऱ्याच्या कानासाठी. "लोकांसाठी ते मोठे स्पीकर आहेत. अँप तुझा तुझ्यासाठी. खुर्चीवर ठेव, पायाजवळ नको; पायाला कान नसतात." मांडवातल्या विजेला अर्थिंग आहे की नाही ते गिटारला हात लावण्यापूर्वी टेस्टरने पाहा, नाही तर तारांतून झटका बसतो, हेही त्यांनी दोनदा बजावले.

निघताना त्यांनी चिरंजिवांच्या हाती स्वतःची गिटार दिली. मुलगा दहा मिनिटे वाजवत होता, हेडफोनशिवाय. आठ महिने माझ्या शेजारच्या खोलीत हे चालले होते तर! परत येताना रिक्षात आम्ही काही बोललो नाही. त्या रात्री कपाटावरची गिटार खाली आली.

सप्टेंबरमध्ये एका छोट्या सभागृहात त्यांचा कार्यक्रम झाला. या वेळी दोन हजार मी न मागता दिले. चिरंजिवांनी अठराशे परत केले. डीआय दोनशे रुपये भाड्याने मिळाली होती आणि चाळीस वॅटचा आमचाच अँप खुर्चीवर बसला होता. खरे सांगतो, पहिल्या गाण्यात मला बेस वेगळा असा ऐकूच आला नाही. मी घाबरून सौभाग्यवतींकडे पाहिले. तेवढ्यात गाण्याच्या मध्यावर चिरंजीव थांबले, ठरवूनच थांबले असावेत, आणि सगळे गाणे एकदम पायाखालची फरशी काढून घेतल्यासारखे अधांतरी झाले. चार मात्रांनी ते परत आले आणि माझ्या खुर्चीचा हात थरथरला. पुढच्या रांगेतून कोणी काही ओरडले नाही.

परवा जिन्यात काकू भेटल्या. आता काठी घेऊन चालतात. म्हणाल्या, "अहो सर, मुलानं वाजवणं सोडलं का? काही धडधड येत नाही." मी हेडफोनची कथा सांगितली. त्या म्हणाल्या, "मग रविवारी पाच वाजता अर्धा तास काढू दे की तो हेडफोन. यांना झोपेतून उठवायचंच असतं."

निरोप पोहोचवला आहे. चिरंजीव विचारत होते, कोपऱ्यात ठेवू की स्टुलावर.