रिकामें तें शून्य नव्हे

गेल्या महिन्यांत शेजारच्या मुलीच्या प्रगतिपत्रकांत गणितापुढें शून्य छापून आलें. मुलगी तापानें अंथरुणावर होती. ती परीक्षेस बसलीच नव्हती. शिक्षकांनीं चौकट रिकामी ठेविली होती. शून्य घातलें तें संगणकानें. पोर दोन दिवस रडत होती.

हें घडतें कसें? जालपृष्ठें ज्या जावास्क्रिप्ट भाषेंत लिहितात, तींत ‘ही सान्त संख्या आहे काय?’ असें विचारणारी ‘इज-फायनाइट’ नांवाची जुनी तपासणी आहे. तिची खोड अशी कीं, समोर येईल त्यास ती आधीं संख्येचा अंगरखा चढविते आणि मग ओळख विचारते. रिकाम्या चौकटीचें त्यामुळें शून्य होतें, आणि उत्तर येतें ‘होय’! २०१५ सालीं आलेली ‘नंबर-इज-फायनाइट’ ही तपासणी वेश बदलीत नाहीं. जें मुळांत संख्या नाहीं, त्यास ती ‘नाहीं’च म्हणते.

‘सान्त’ कां म्हणावयाचें? शून्यानें भागलेल्या संख्येस भास्कराचार्यांनीं ‘खहर’ म्हटलें, आणि तींत कांहीं मिळविलें वा वजा केलें तरी ती पालटत नाहीं, असें ‘बीजगणितां’त सांगितलें. ही भाषाहि एकास शून्यानें भागतां ‘अनंत’ देते. त्यांत पांच मिळवा, तो अनंतच. शून्यास शून्यानें भागल्यास ब्रह्मगुप्तांनीं इ. स. ६२८ मध्यें शून्य सांगितलें होतें. येथें मात्र ‘संख्या नव्हे’ असें उत्तर मिळतें. गंमत ही कीं, या उत्तराचा प्रकार विचारल्यास यंत्र ‘संख्या’ असेंच सांगतें! तेव्हां नुसता प्रकार विचारून भागत नाहीं.

चौकटींत लिहिलेले ‘४५’ देखील प्रथम अक्षरांच्याच रूपानें हातीं येतात. म्हणून क्रम असा ठेवावा : आधीं मोकळ्या जागा काढून चौकट रिकामी आहे काय तें पाहावें, आणि असल्यास तेथेंच थांबावें, नंतर अक्षरांची संख्या करावी, मग ती सान्त आहे काय तें तपासावें, आणि शेवटीं ती शून्य ते शंभर यांत बसते काय तें पाहावें.

‘संख्या नव्हे’ बेरजेंत शिरलें, तर सारी बेरीज नासते. पण तें निदान दिसतें. खोटें शून्य मात्र खऱ्यासारखेंच दिसतें, आणि त्याचें दुःख भलत्यालाच भोगावें लागतें. जें ठाऊक नाहीं, तें ठाऊक नाहीं असेंच लिहावें, हा नियम यंत्रासहि शिकविला पाहिजे.