आधी 'एक' सापडू द्या, मग पाय उचला

जळकोटच्या पोरापोरींनो, आणि लग्नात किंवा स्नेहसंमेलनात नाचायचं म्हणून मोबाइलवर सालसाचे व्हिडिओ बघणाऱ्या सगळ्यांनो, एक विनंती आहे. गिरक्यांची घाई करू नका. गिरकी हुकली तर खपून जाते. ताल हुकला की जोडीदाराच्या पायावर पाय पडतो.

सालसाचं मूळ क्युबाच्या 'सोन' संगीतात. न्यूयॉर्कमधल्या क्युबन आणि पोर्तोरिकन वस्त्यांत तो वाढला, आणि 1964 मध्ये तिथे निघालेल्या फानिया या रेकॉर्ड कंपनीने तो दूरवर पोचवला. वस्तीतल्या साध्या माणसांचा हा नाच आहे, त्याला बिचकायचं कारण नाही.

त्याचा हिशेब आठ मात्रांचा. आपला भजनी ठेका आठ मात्रांचा, केरवाही आठचाच. भजनात ज्याची टाळी समेवर पडते, त्याला सालसातला 'एक' लवकर सापडेल. फरक एवढाच, की इथे चौथ्या आणि आठव्या मात्रेला पाऊल टाकायचं नाही.

नाच पुढे नेणाऱ्याने एकला डावा पाय पुढे टाकायचा, दोनला भार मागच्या उजव्या पायावर घ्यायचा, तीनला डावा जागेवर आणायचा. चारला थांबायचं. पाचला उजवा मागे, सहाला भार डाव्यावर, सातला उजवा जागेवर. आठला पुन्हा थांबायचं. समोरच्याने एकला उजवा मागे आणि पाचला डावा पुढे टाकायचा. पावलं वीतभरच. गुडघे सैल ठेवा आणि प्रत्येक पावलावर भार पुरता टाका. कंबर मुद्दाम हलवावी लागत नाही.

नवखा माणूस चुकतो तो थांबण्यात. तीन पावलं झाली की चौथं आपोआप पडतं आणि तो गाण्याच्या पुढे पळतो. त्यावर उपाय गाण्यातच आहे. काँगा नावाचा उभा ढोल असतो, त्याचे दोन मोकळे, घुमणारे बोल साधारण चौथ्या आणि आठव्या मात्रेपाशी येतात. पाय थांबतो तिथे काँगा बोलतो. तो कानात बसेपर्यंत तोंडाने मोठ्याने मोजा, लाजू नका.

व्हिडिओ निवडताना शिकवणारा पाठमोरा असलेला घ्या. समोरासमोर बघितलं की डावं-उजवं उलटं होतं. न्यूयॉर्कची एक पद्धत दुसऱ्या मात्रेवर दिशा बदलते. वर सांगितलेली पद्धत पहिल्या मात्रेवर बदलते; सुरुवातीला या दोन्ही पद्धतींची खिचडी करू नका. गाणी बहुधा मिनिटाला 160 ते 220 ठोक्यांची असतात, तेव्हा आधी वेग पाऊणपट करून सराव करा. जमिनीला चिकटणारे रबरी तळाचे बूट घालू नका, वळताना गुडघा पिरगळतो.

क्लास जवळ नाही, जोडीदार नाही, म्हणून अडू नका. एवढं सगळं एकट्याने घरच्या फरशीवर होतं. पुढे कुणाबरोबर नाचायचं झालं, तर आधी विचारा; हात धरायचा तो दिशा सांगायला, ओढायला नाही.

आजच एक गाणं लावा आणि पाय न हलवता फक्त 'एक'वर टाळी द्या. गाणं संपेपर्यंत टाळी चुकली नाही, तर उद्यापासून पावलं सुरू करा.