इतिहास पायांनीही शिकवू या

शिक्षक मित्रांनो, पालकहो, स्वीडनमध्ये दर मार्चला हजारो माणसं पायाला स्की बांधून बर्फावरून 90 किलोमीटर जातात. या शर्यतीचं नाव वासालोपेत, सुरुवात 1922 ची. त्याच्या चारशे वर्षं आधी गुस्ताव वासा मोरा गावातून निराश होऊन निघाला. गावकऱ्यांनी स्कीवरून गाठून त्याला परत आणलं, असं सांगतात. 1523 मध्ये तो राजा झाला. त्याचीच ही आठवण.

आपल्याकडेही पावसाळ्यात लोक पन्हाळा ते पावनखिंड चालत जातात. जुलै 1660 ची ती रात्र चिखल तुडवल्यावरच खरी कळते. पण दारव्ह्याच्या लेकरांना कोल्हापूर लांब पडतं. मग बाजीप्रभू आपण ‘रिकाम्या जागा भरा’ मध्येच संपवून टाकतो!

माझं म्हणणं एवढंच, मैदान तर आपलंच आहे ना? 200 मीटरची फेरी आखा. 30 मुलांनी रोज तीन-तीन फेऱ्या मारल्या, की पाच दिवसांत 450 फेऱ्या, म्हणजे वर्गाचे मिळून 90 किलोमीटर. गणितही झालं.

अभ्यास बुडतो म्हणाल? दम लागलेलं मूल विचारतं, “सर, पावसात, अंधारात ते रात्रभर कसे गेले असतील?” हा प्रश्न पडणं, हाच अभ्यास.