फॉरवर्डखाली सही कुणाची?

गेल्या उन्हाळ्यात माझे एक जुने पेशंट दवाखान्यात आले. डोकं प्रचंड दुखत होतं. रक्तदाब पाहिला तर २१०/१२०. दहा वर्षं न चुकता गोळी घेणारा माणूस, म्हणून विचारलं. म्हणाले, "गोळी बंद करून दीड महिना झाला, डॉक्टर. बीपीच्या गोळीनं किडनी जाते म्हणं. पुतण्यानं व्हॉट्सॲपवर पाठवलं होतं." गोळीऐवजी रोज सकाळी लसूण-लिंबाचा काढा चालू होता.

पुतण्या शेजारीच उभा होता. शिकलेला, काकांवर जीव असलेला मुलगा. तो म्हणाला, "मी नुसतं फॉरवर्ड केलं, सर. लिहिलं नव्हतं मी."

खरी गोष्ट उलटी आहे. वाढलेला रक्तदाब वर्षानुवर्षं तसाच राहिला तर किडनी खराब होते, आणि ती वाचावी म्हणूनच आम्ही गोळी देतो. पण मला इथे बोलायचंय ते पुतण्याच्या त्या वाक्याबद्दल. तो मेसेज कुणी लिहिला हे काकांना ठाऊक नव्हतं. अनोळखी नंबरवरून आला असता तर त्यांनी वाचलाही नसता. गोळी बंद केली ती पुतण्यावर भरवसा ठेवून. मी औषध लिहितो तेव्हा खाली माझी सही असते, काही चुकलं तर लोक मला विचारतात. फॉरवर्डखाली सही दिसत नाही, पण वाचणारा ती तुमचीच धरतो.

"एका मेसेजनं असं काय होतंय?" असं म्हणणाऱ्यांना मी राईनपाड्याची आठवण देतो. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातलं हे गाव. १ जुलै २०१८, रविवार, बाजाराचा दिवस. भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावानं मुलं पळवणारे समजून ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि ठेचून मारलं. त्यातले बहुतेक आपल्याच जिल्ह्यातले, मंगळवेढा तालुक्यातले. मुलं पळवणारी टोळी आल्याचे मेसेज त्याआधी कित्येक दिवस मोबाइलवर फिरत होते. त्या काळात देशभर फिरलेला एक व्हिडिओ तर कराचीतल्या मुलांच्या सुरक्षेच्या जाहिरातीचा होता. शेवटी मूल परत आणून सोडतात, तेवढा भाग कुणीतरी कापून टाकला होता. पुढे पाठवणाऱ्या बहुतेकांचा हेतू चांगलाच असणार. आपली पोरं सांभाळा, एवढंच त्यांना सांगायचं होतं.

त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा आणली. एप्रिल २०२० पासून फार फिरलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. अशा मेसेजवर दोन बाण दिसतात. मी पेशंटना सांगतो, दोन बाण दिसले की आधी हात आखडता घ्या. त्यात "ताबडतोब सर्वांना पाठवा" असं लिहिलेलं असेल, तर आणखी सावध व्हा. तारीख नाही, गाव नाही, डॉक्टरचं पूर्ण नाव नाही, असा आरोग्याचा सल्ला पुढे जाऊ देऊ नका. हार्ट अटॅक आला की जोरजोरात खोकत राहा, हा मेसेज मला वर्षातून चार-पाच वेळा तरी येतो. मॉनिटर लावलेल्या पेशंटला हॉस्पिटलमध्ये क्वचित तसं सांगतात. घरी छातीत दुखत असेल तर खोकण्यात वेळ घालवू नका, १०८ ला फोन करा.

रक्त हवं असल्याचा मेसेज टाकताना तारीख, हॉस्पिटल आणि नातेवाइकाचा फोन लिहा. रक्त मिळालं की तसं ग्रुपवर कळवा. नाहीतर पेशंट घरी जाऊन वर्ष झालं तरी त्या बिचाऱ्याचा फोन वाजत राहतो.

आयसीयूतल्या माणसाचा नळ्या लावलेला फोटो कृपा करून टाकू नका. तो शुद्धीवर आल्यावर स्वतःला तसं पाहणार आहे, आणि त्याची मुलंही. रिपोर्टचंही तेच. गावाच्या ग्रुपवर टाकलेल्या एका रिपोर्टमुळे लग्न मोडलेलं मी पाहिलंय. मला रिपोर्ट पाठवायचा असेल तर माझ्याच नंबरवर पाठवा, आणि रात्री बाराला पाठवून साडेबाराला "सर, बघितला का?" असं विचारू नका. तातडीचं असेल तर फोनच करा.

थोरामोठ्यांनी चुकीचं काही टाकलं तर काय करायचं, असं पोरं विचारतात. सगळ्यांसमोर "हे फेक आहे" म्हटलं की मामांना ते लागतं आणि मग ते हट्टालाच पेटतात. त्यांना वेगळा फोन करा. "मामा, मी डॉक्टरांना विचारलं, ते तसं नाही म्हणाले," असं सांगा. माझं नाव खुशाल घ्या. खोडायचं काम मामा स्वतःच करतील.

त्या काकांचा रक्तदाब आता १३०/८० च्या आसपास असतो, किडनीचे रिपोर्टही चांगले आहेत. दर महिन्याला येतात तेव्हा गोळ्यांच्या पाकिटासोबत मोबाइलही टेबलावर ठेवतात. मागच्या खेपेला आठ मेसेज दाखवले. त्यातला एकच ठीक होता, जेवणात मीठ कमी करा म्हणणारा.