डागडुजी मागल्या दारापासून

घर पाहावे बांधून, अशी आपल्याकडे म्हण आहे. परंतु घर बांधण्याहूनही कठीण असे एक काम आहे व ते म्हणजे वाडवडिलांचे घर दुरुस्त करणे. नव्या घराला एक मालक व एक नकाशा असतो. जुन्या घराला चार भाऊबंद, दहा मते आणि शंभर आठवणी असतात. देवगड-मालवणापासून वेंगुर्ल्यापर्यंत दिवाळी सरली की हे काम घरोघर निघते. भिंती वाळलेल्या असतात, गवंडी-सुतार मिळू लागतात आणि मृग लागण्यापूर्वी छप्पर पक्के झाले पाहिजे एवढीच मुदत हाती असते. या मुदतीत व बेताच्या पैशांत आधी काय करावे, हा प्रश्न वरवर ज्याच्या त्याच्या घरचा दिसतो. आम्ही तो सार्वजनिक समजतो. कारण त्याच्या उत्तरावर या किनाऱ्यावरील तरुण बिऱ्हाडांचे व त्यांतील लहान मुलांचे आरोग्य अवलंबून आहे.

आपल्याकडील जुने घर वाचकांच्या परिचयाचे आहे. पुढे खळे, चार पायऱ्या चढून ओटी, आत माजघर व देवघर, त्यामागे स्वयंपाकघर, आणि अगदी मागल्या दारी न्हाणी व विहीर. पुढून आत जावे तसतसा उजेड कमी होत जातो. ओटीवर वारा आहे, झोपाळा आहे, येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलणे आहे. चुलीपाशी धूर आहे, ओल आहे आणि भर दुपारी दिवा लावण्याची पाळी आहे. ही वाटणी चिऱ्याने किंवा लाकडाने केलेली नाही; ती रूढीने केलेली आहे. पुरुषाने बसावे तेथे खिडकी आणि स्त्रीने राबावे तेथे झरोका, बाळंतिणीला घरातील सर्वांत कोंदट खोली, आणि महिन्याच्या चार दिवसांत मागल्या पडवीचा कोपरा, हा नकाशा ज्या समजुतींवर आखला गेला त्या समजुती आता पुष्कळ घरांतून गेल्या आहेत. पण नकाशा तसाच राहिला आहे. समजूत मोडली तरी भिंतीत खिडकी आपोआप पडत नाही. ती पाडावी लागते.

आता दुरुस्तीचा पैसा कोठे जातो ते पाहू. तो बहुधा मुंबईहून येतो. चाकरमान्यांनी पैसे पाठविले नसते तर या किनाऱ्यावरील कितीतरी छपरे केव्हाच खाली आली असती, ही गोष्ट आम्ही कृतज्ञतेने मान्य करतो. परंतु चाकरमानी घर पाहतो ते चतुर्थीच्या पाच-सात दिवसांत, आणि ज्या बाजूने गणपती आत येतो त्या बाजूने. साहजिकच त्याच्या पैशाची फरशी ओटीवर बसते, त्याचा रंग दर्शनी भिंतीस लागतो, त्याचे लोखंडी फाटक खळ्याच्या तोंडाशी उभे राहते. १९९७ साली सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा जाहीर झाला, त्यानंतर घरास दुसराही एक पाहुणा मिळाला. त्याच्यासाठी तारकर्ली-देवबागेकडे स्वतंत्र न्हाणीघराच्या गुळगुळीत खोल्या बांधल्या जातात. या उत्पन्नास आमचा विरोध नाही. उलट ते वाढावे अशी आमची इच्छा आहे. आम्ही विचारतो ते इतकेच की, जो धाकटा भाऊ, त्याची बायको व दोन लहान मुले बारा महिने त्याच छपराखाली राहतात, त्यांच्या वाट्याला गळकी मागली पडवी का यावी? घर पाहुण्यासाठी नीट करणे हे आतिथ्य होय. पण घरच्यांसाठी ते नीट न करता पाहुण्यासाठी करणे हे केवळ प्रदर्शन होय.

यावर दोन बाजूंनी आक्षेप येतात. एक पक्ष म्हणतो, वडिलांनी बांधले त्यास हात लावू नये. त्यांस आमचे उत्तर असे की, वडिलांनी स्वतःही हात लावला होता. मंगळुरी कौलांचा पहिला कारखाना बाझल मिशनने मंगळूर येथे १८६५ साली काढला. त्यापूर्वी ती कौले येथे कोणाच्याही छपरावर नव्हती. ज्या पिढीने गवत किंवा गावठी नळे उतरवून ती चढविली, तिने आपल्या काळातील चांगली गोष्ट ओळखून घेतली. तिचे खरे अनुकरण करायचे तर आपणही आपल्या काळातील चांगले ते घ्यावे.

दुसरा पक्ष याच्या अगदी उलट. त्याचे म्हणणे, जुने सारे पाडा व स्लॅब घाला. हा सल्ला सोपा दिसतो, पण तो महाग व आंधळा आहे. जांभा खाणीत असताना तासण्याजोगा मऊ असतो व वारा लागल्यावर कठीण होतो. नीट ठेवलेली चिऱ्याची भिंत पिढ्यान्‌पिढ्या उभी राहते. १६६४ साली ज्याचे बांधकाम सुरू झाले तो सिंधुदुर्ग किल्ला मालवणकरांच्या रोजच्या नजरेसमोर लाटा झेलीत आहे. याउलट खाऱ्या वाऱ्यात काँक्रीटमधील लोखंड गंजते, गंजून फुगते आणि वरचे आवरण फोडते. खाडीची वा समुद्राची वाळू न धुता वापरली असेल तर हा रोग बांधतानाच आत शिरतो. मे २०२१ च्या तौक्ते वादळात पुष्कळ घरांची कौले उडाली हे खरे, आणि माकडांच्या उच्छादाने ती फुटतात हेही खरे. परंतु पहिल्यास उपाय वासे व भाल भिंतीशी लोखंडी पट्ट्यांनी जखडणे हा आहे, व दुसऱ्यास कौलांखाली पत्र्याचा थर देणे हा. दात दुखतो म्हणून कोणी जबडा काढीत नाही.

तेव्हा आमचे मत असे की, भिंती जुन्या ठेवाव्या व मांडणी नवी करावी. आणि कामाचा क्रम पुढल्या दारापासून नव्हे, मागल्या दारापासून लावावा. फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंनी रोग्यांच्या शुश्रूषेवरील आपल्या ग्रंथात घराचे आरोग्य शुद्ध हवा, शुद्ध पाणी, सांडपाण्याचा निचरा, स्वच्छता व उजेड या पाच गोष्टींवर उभे केले, त्यास दीडशेहून अधिक वर्षे झाली. त्या पाचांत दर्शनी फरशी नाही.

पहिले काम पाण्याचे. ज्या जिल्ह्यात वर्षास सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, तेथे घराचा पहिला शत्रू ओल हा आहे. फुटकी कौले, कुजलेल्या रिपा व वाळवी लागलेले वासे आधी बदलावे. पागोळ्या भिंतीपासून दूर पडतील असे छप्पर पुढे काढावे. जोत्याभोवती चर काढून पाणी उताराने बाहेर न्यावे. मातीत बांधलेल्या जुन्या भिंतीस सिमेंटचा गिलावा करणे ही सर्वत्र होणारी चूक आहे. त्याने ओल सुकत नाही. ती आत कोंडली जाते व भिंतीत आणखी वर चढते. अशा भिंतीस चुन्याचाच गिलावा योग्य, कारण त्यातून भिंतीला श्वास घेता येतो.

दुसरे काम धुराचे व उजेडाचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे घरातील धुरामुळे २०२० या एका वर्षी जगात ३२ लाख माणसे मेली, व त्यांत पाच वर्षांखालील मुले २ लाख ३७ हजारांहून अधिक होती. २०१६ पासूनच्या उज्ज्वला योजनेने गरिबांच्या घरीही गॅसची शेगडी आली. तरी न्हाणीच्या पाण्यासाठी व काटकसरीसाठी चूल पेटतेच. ती पेटावयाची तर तिच्यावर धुराडे हवे, समोरासमोर दोन खिडक्या हव्यात आणि छपरात चार काचेची कौले हवीत. काचेच्या कौलांस फाटकाच्या मानाने किती अल्प खर्च येतो, याची चौकशी वाचकांनी स्वतः करावी.

तिसरे काम शौचकूप व विहीर यांचे. २०१६ साली ग्रामीण स्वच्छतेच्या देशव्यापी पाहणीत मैदानी जिल्ह्यांत सिंधुदुर्गाचा पहिला क्रमांक आला, याचा आम्हांस अभिमान आहे. परंतु संडास बांधला म्हणजे काम संपले असे नव्हे. जांभा सच्छिद्र आहे. शोषखड्ड्यातील घाण त्यातून झिरपत विहिरीपर्यंत जाऊ शकते. म्हणून खड्डा विहिरीपासून आवार देईल तेवढा दूर व उताराच्या खालच्या अंगास असावा. संडास घराला जोडून, दिव्यासह असावा, म्हणजे गरोदर स्त्रीला व म्हाताऱ्या सासूला श्रावणातल्या रात्री छत्री घेऊन अंगण ओलांडावे लागणार नाही. विहिरीस कंबरेएवढा कठडा व वर जाळी असावी, हे ज्या घरी रांगते मूल आहे तेथे सांगावे लागू नये.

चौथे काम न दिसणाऱ्या धोक्यांचे. ओल्या भिंतींतील जुन्या तारा बदलून ३० मिलिअँपिअरची गळती होताच वीज तोडणारे यंत्र, ज्यास कारागीर ईएलसीबी म्हणतात, बसवावे. जुन्या दारा-खिडक्यांवरील तैलरंगात शिसे असू शकते. नव्या रंगांतील शिशावर आपल्याकडे ९० भाग प्रति दशलक्ष ही मर्यादा २०१७ च्या नोव्हेंबरात लागू झाली, जुन्या थरांस ती कोठून असणार? असा रंग कोरडा खरवडला तर त्याची धूळ मुलांच्या पोटात जाते व बुद्धीस अपाय करते. तो ओला करूनच काढावा व ते दिवस मुलांस आजोळी ठेवावे. गोठ्यावरील जुने सिमेंटचे पत्रे करवतीने कापू वा फोडू नयेत. त्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असते व त्याचे तंतू फुप्फुसास घातक आहेत. चिऱ्यांमधील भेगा बुजवाव्या, म्हणजे विंचू व मण्यार यांस आसरा उरणार नाही.

एवढे झाल्यावर पैसे उरले तर ओटीस अवश्य फरशी घालावी. आम्ही स्वतः येऊन तीवर बसू.

कोणी म्हणेल, हे सारे खरे, पण घर सामाईक आहे, एकाने हात लावला की दुसरा दावा करतो. ही अडचण आम्ही लहान मानीत नाही; या किनाऱ्यावर वाळवीने पाडली नसतील इतकी घरे अबोल्याने पाडली आहेत. म्हणून चतुर्थीस सर्व भाऊ जमतात तेव्हा आरतीनंतर एक तास या कामास द्यावा. कोणी किती खर्च केला, वाटणीत तो कसा धरावयाचा, राहणाऱ्याचा हक्क काय, हे कागदावर लिहून सर्वांनी सह्या कराव्या. त्या कागदावर बहिणींच्याही सह्या असाव्या. २००५ च्या कायद्याने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाच्या बरोबरीचा हक्क दिला व २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने तो जन्मसिद्ध ठरविला. बहिणींना वगळून केलेला करार पहिल्याच पावसात गळू लागेल. आणि त्या बैठकीत स्वयंपाकघराची खिडकी कोठे असावी हे घरच्या सुनेस विचारावे. जिचा दिवस तेथे जातो तिचे मत शेवटी घेण्याची, किंबहुना न घेण्याची रीत, आता पुरे झाली.

आमच्या व्यापारी वाचकांसही दोन शब्द. गिऱ्हाइकास काय विकावे हे ठरविण्यात दुकानदाराचा वाटा थोडा नसतो. मालवण, कुडाळ, सावंतवाडीच्या बाजारांत चकचकीत फरशीचे नमुने दर्शनी मांडलेले असतात. तेथेच चांगला चुना, काचेची कौले, धुराड्याचे नळ व वीज तोडणारे यंत्रही मांडावे. चुन्याचे काम जाणणारे वृद्ध गवंडी अजून आहेत तोवर चार तरुण त्यांच्या हाताखाली देण्याचा खर्च व्यापाऱ्यांनी वर्गणीने उचलावा. तो धर्म तर होईलच, पण धंदाही होईल.

घराची अब्रू ओटीवर असते असे आपण आजवर मानीत आलो. आम्हांस वाटते, ती मागल्या दारी असते. ज्या घरी मूल न खोकता झोपते व आईला दिवसा दिवा लावावा लागत नाही, ते घर दर्शनी रंग उडाला असला तरी अब्रूदार होय. यंदा तुळशीचे लग्न लागले की गवंड्यास बोलावणे धाडालच. तो आला म्हणजे त्यास ओटीवर बसवू नका, प्रथम स्वयंपाकघरात न्या.